डावखुऱ्याची रेघ

वंशावळ काढायची हौस मला कधीच नव्हती. मेलेल्या माणसांची चौकशी करत गावोगाव फिरणारे लोक बघितले की मी नाक मुरडायचे. जिवंतांचं करता करता माझी कंबर मोडली होती, मेलेल्यांना मी कुठे पुरी पडणार? पण भाचीचा फोन आला आणि माझा नाइलाज झाला.

भाची म्हणजे माझ्या धाकट्या भावाची मुलगी. लहानपणी मांजरासारखी सगळ्यांच्या पायात पायात करायची म्हणून तिला मनी म्हणायला लागलो. आता तिला स्वतःलाच मूल व्हायचं होतं, तरी ते नाव काही सुटलं नव्हतं. ती म्हणाली, बाबांच्या हातून आज परत कप पडला, आणि पडल्याबद्दल त्यांनी आईलाच झापलं.

माझा धाकटा चष्म्याच्या दुकानात काचा बसवतो. डोळ्यांना धड दिसणार नाहीत असले स्क्रू तो बोटाच्या टोकावर उचलायचा आणि एका फटक्यात फिरवायचा. स्वभावाने इतका गरीब, की लहानपणी मी त्याच्या वाट्याचा खाऊ खाल्ला तर तोच मला पाणी आणून द्यायचा. त्याच माणसाने वर्षभरात दोनदा गिऱ्हाइकाच्या अंगावर धावून जावं? खांदा मध्येच उडायचा, बोटं पियानो वाजवल्यासारखी आपोआप हलायची. विचारलं तर म्हणायचा, मला काही झालेलं नाही, तुम्हा बायकांना उद्योग नाही.

मनीने त्याला फसवून एका डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी त्याला चालायला लावलं, जीभ बाहेर काढून धरायला लावली, आणि ती त्याला धरता येईना. मग त्यांनी मनीला एकटीला आत बोलावलं. एक आजार असतो, म्हणाले, चाळिशी-पन्नाशीत डोकं वर काढतो, हातपाय ताब्यात राहत नाहीत, मग डोकंही राहत नाही, आणि त्यावर औषध नाही. आईबापांपैकी एकाला असला तर प्रत्येक मुलाचं नशीब नाणं उडवल्यासारखं. छापा की काटा, अर्धंअर्धं. रक्त तपासून कळतं. पण धाकट्याने रक्त द्यायला साफ नकार दिला, आणि मोठ्या माणसाला धरून बांधून काही कुणी सुई टोचत नाही.

"आत्या," मनी म्हणाली, "तू फक्त एवढं शोध. आपल्या घरात हे आधी कुणाला होतं का? होतं, तर मी माझं रक्त देते. नसेल, तर मला काही जाणून घ्यायचं नाही. मला पोटातल्या बाळाबरोबर शांत झोपायचंय."

मी आयुष्यभर टेलिफोनच्या ऑफिसात काढलं. माणसाच्या आवाजावरून तो खरं बोलतोय की थाप मारतोय हे मला कळतं, असा माझा जुना तोरा. त्या पोरीच्या आवाजात मात्र मला एकच गोष्ट ऐकू आली. ती घाबरून अर्धी झाली होती.

जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मी पेन्सिलीने आमचं झाड काढलं. झाड कसलं, काटकीच. वर आजोबा, खाली त्यांचे दोन मुलगे, म्हणजे माझे वडील आणि काका, त्यांच्याखाली मी आणि धाकटा. काकांना मूल नव्हतं. प्रत्येकाच्या नावापुढे घरात त्याच्याबद्दल जे बोललं जायचं ते लिहिलं. आजोबा: म्हातारपणी खुर्चीत बसल्या बसल्या पाय नाचवायचे. आम्ही मुलं समोर बसून टाळ्या वाजवायचो, अजून अजून म्हणून ओरडायचो, आणि घरातली मोठी माणसं हसायची नाहीत हे मला तेव्हा दिसलं नव्हतं. वडील: शिडीवर चढून बोर्ड रंगवताना पाय घसरला आणि गेले. आणि काका: दारू.

सगळं येऊन काकांवर अडलं. आजोबांचं म्हातारपण म्हणून सोडता येत होतं. वडील तर माझ्या आत्ताच्या वयाहून कितीतरी लहान असताना गेले, पाय कुणाचाही घसरतो. पण काका पुरेसं जगले होते, आणि शेवटी शेवटी भर रस्त्यात झोकांड्या खात चालायचे हे सगळ्यांना ठाऊक होतं. मी मनीकरवी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, वर्षानुवर्षं प्यायल्याने माणूस अगदी असाच दिसू शकतो, तेव्हा ते पीत होते का आणि किती, हे नीट कळलं तर फार बरं. म्हणजे बघा, काका पक्के दारुडे निघावेत म्हणून मी मनोमन हात जोडून बसले होते. असली वेळ वैऱ्यावरही येऊ नये.

काकांचं गाव बसने अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. तिथे मी लहानपणी एकदा गेले होते, नंतर नाही. काकांचं पिणं सुरू झालं तसं येणं-जाणं तुटलं. माझ्या लग्नाला ते आले नाहीत, आणि आईने कुणाला पत्ता लागू न देता सुस्कारा सोडला.

बसस्टँडवर उतरले तर समोरच त्यांनी रंगवलेला बोर्ड. मोटार शिकवण्याच्या शाळेचा. ती शाळा केव्हाच बंद पडली होती, पण अक्षरं अशी ठसठशीत, की वाटावं आता कुणीतरी आतून किल्ली घेऊन येईल. खाली ती रेघ. आमच्या घराण्यातले सगळे पेंटर बोर्ड पुरा झाला की नावाखाली एक लांब रेघ ओढायचे. ब्रश रंगात भरून घ्यायचा, श्वास रोखायचा आणि एका दमात टोकापर्यंत जायचं, मध्ये थांबायचं नाही, परत गिरवायचं नाही. कोपऱ्यात बारीक साल टाकायचं. वडील रेघ ओढत असले की घरात कुणी शिंकलं तरी मार बसायचा. कितीदा तरी मी शिडीखाली डबा धरून त्यांच्याबरोबर श्वास रोखलाय.

काका डावखुरे. लहानपणी आजीने त्यांचा डावा हात पाठीशी बांधून ठेवला तरी सुधारले नाहीत. थोरल्या भावाच्या हाताखाली शिकले, मग भांडून म्हणा किंवा पोट भरायला म्हणा, ब्रशांची पेटी घेऊन या गावात आले. आले होते एका बोर्डापुरते. रंग संपला म्हणून रंगाच्या दुकानात गेले, तिथे दुकानदाराची मुलगी डबे ढवळत बसली होती, आणि काकांचा रंग त्यानंतर रोजच संपायला लागला. ती आमची काकू. पुढे गावातल्या निम्म्या दुकानांवर काकांचा हात फिरला. डावखुऱ्याने लिहिलेलं दुकान चालतं, असं लोक म्हणायचे. दुकान बुडालंच तर बंद झाल्याची पाटी ते फुकट रंगवून द्यायचे आणि वर मालकाला चहा पाजायचे.

काकू अजून त्याच जागेत राहते. पुढचा भाग एका किल्लीवाल्याला भाड्याने दिलेला, मागे एक खोली आणि फरसबंद अंगण. ऐंशी कधीच उलटलेली, अंगात मूठभर हाडं, पण नजर अशी की उंबऱ्यातच माझे पाय थांबले. खोलीत अजून टर्पेंटाइनचा वास होता. खिडकीशी लाकडी हातांची एक जड खुर्ची, आणि तिच्या दोन्ही हातांवर पट्टा घासून घासून पडतात तशा गुळगुळीत खाचा. मी त्यात बसायला गेले तर काकूने मला पलंगाकडे बोट दाखवलं.

मी चहा होईपर्यंतही थांबले नाही. धाकट्याचं सांगितलं, मनीचं सांगितलं, आणि विचारलं, काकांना नेमकं काय झालं होतं. काकूने डोळ्याला डोळा भिडवून सांगितलं, "दारू. दुसरं काय?" आवाज सरळ, सपाट, कुठे अडखळ नाही. तिला खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, सकाळपासून प्यायचे, मी हात टेकले, आणि मेलेल्या माणसाची आणखी बदनामी करून तुला काय मिळणार आहे? माझ्या तोऱ्याने मला आतून सांगितलं, बाई खरं बोलतेय.

बाहेर किल्लीवाल्यानेही तेच सांगितलं. पेंटरकाका रस्त्यात उतरले की अख्खा रस्ता त्यांचा, म्हणाला, या कडेपासून त्या कडेपर्यंत. समोरचा न्हावी म्हातारा होता, त्याने काकांची दाढी करून दिलेली. एकदा गालावर वस्तरा लागला, म्हणाला, मान अशी काही झटकली. दारूचा वास शर्टाला भरपूर, तोंडाला मात्र कधी आला नाही, लवंग चघळत असणार. आम्ही दोघंही त्यावर हसलो. हसलो म्हणजे, मी जरा जास्तच हसले.

तरीही शंकेखोर स्वभाव कुठे जातो? एवढ्यावर मनीला सांगायला जीभ उचलेना. मग मला बोर्ड सुचले. लोक काहीही सांगतील, पण पेंटरचा हात खोटं सांगत नाही, आणि काकांनी प्रत्येक बोर्डावर साल टाकलेलं. गावभर फिरून मी ते सालांच्या क्रमाने बघायचे ठरवलं. दोन दिवस मान वर करून रस्त्यातून चालणारी ही बाई बघून लोकांना वाटलं असेल, हिचंही काहीतरी बिनसलंय.

सुरुवातीचे बोर्ड बघून डोळे निवले. घड्याळवाला, बेकरी, दातांचा डॉक्टर. मग एका सालापासून काहीतरी चुकायला लागलं. औषधांच्या दुकानावर अक्षरांच्या कडा किंचित करवतीसारख्या. पुढच्या बोर्डावर रेघेत एक बारीक हिसका, कुणीतरी कोपर ढकलल्यासारखा. त्याच्या पुढच्यावर तीन. शिंप्याच्या दुकानावरची रेघ तर बघवेना. नुसती थरथर, मध्येच अक्षराच्या पोटात घुसलेली, आणि ती गिरवून सरळ करायचा प्रयत्न केलेला. आमच्या घराण्यात कुणी रेघ गिरवली नव्हती. मी रस्त्याच्या मधोमध थांबले. हाच हिसका मी धाकट्याच्या खांद्यात बघितला होता.

पण त्यानंतरचा बोर्ड सरळ होता.

मी चष्मा पुसून परत बघितलं. साल पुढचंच. छापखान्याचा बोर्ड, अक्षरं थोडी साधी, पण कडा स्वच्छ, रेघ आरपार सरळ. त्यापुढचाही सरळ, त्यापुढचाही. काका जायच्या वर्षापर्यंत एकाही बोर्डात थरथर नाही. मी फुटपाथच्या कडेला बसले आणि मोठ्याने हसले. रक्तातला आजार असता तर हात वर्षागणिक बिघडत गेला असता. तो सुधारला, म्हणजे काकांनी मध्ये कामापुरती तरी बाटली दूर ठेवली असणार, आणि म्हणजे थरथर दारूचीच होती. इतकं सोपं होतं सगळं.

तिथूनच मनीला फोन लावला. म्हटलं, तुझे चुलत आजोबा एक नंबरचे बेवडे होते, त्यांचं भलं होवो, रडू नकोस. ती आधी हसली आणि मग इतकी रडली की तिच्या नवऱ्याने येऊन फोन घेतला. उद्याची डॉक्टरांची वेळ रद्द करते, म्हणाली, बाबांचं काहीतरी वेगळंच असेल, साधं असेल, बघू. माझा जीव भांड्यात पडला. त्या दिवशी मी पोटभर जेवले आणि दुपारी घोड्यासारखी झोपले.

परत निघायच्या आधी काकांचा शेवटचा बोर्ड बघून घ्यावा, मनीला फोनवर कबूल केलेला फोटो पाठवावा, असं मनात आलं. तो बर्फाच्या कारखान्याचा. कारखाना पाडला तेव्हा बेकरीवाल्याने बोर्ड उचलून नेला होता आणि मागच्या बाजूला दोन पिंपांवर आडवा टाकून त्याचं टेबल केलं होतं. वर पिठाच्या गोण्या. त्याच्या माणसाने त्या हलवून दिल्या, मी ओल्या फडक्याने पीठ पुसलं, आणि पहिल्यांदाच काकांची रेघ माझ्या हाताखाली आली. इतके दिवस सगळे बोर्ड डोक्याच्या वर, रस्त्यापलीकडून बघितले होते.

मी सहज त्यावरून बोट फिरवलं. ब्रश जिथे टेकतो तिथे रंग जाड बसतो, बोटाला लागतो. मग पातळ होत होत शेपटीशी संपतो. वडिलांची रेघ डावीकडे जाड, उजवीकडे शेपटी. काका डाव्या हाताने ओढायचे, शिडीसुद्धा उलट्या बाजूला लावायचे, म्हणून त्यांची उजवीकडे जाड आणि शेपटी डावीकडे. यावरून दोघे भाऊ एकमेकांना चिडवायचे, तुझी रेघ उलटी चालते म्हणून. मी तर ते ऐकतच वाढले.

आणि माझ्या बोटाखाली रंग डावीकडे जाड होता.

परत फिरवलं. डावीकडे जाड, उजवीकडे शेपटी. बेकरीवाला काहीतरी बोलत होता, ते मला ऐकू येईना. मी तशीच पिठाच्या हातांनी बाहेर आले आणि उलट्या क्रमाने निघाले. छापखान्यासमोर शिडी मागितली. लोकांनी आधी वेडी समजून हसून घेतलं, मग दिली. डावीकडे जाड. जेवढे सरळ बोर्ड होते, ते सगळे तसेच. शेवटी शिंप्याच्या दुकानावर चढले, त्या थरथरत्या रेघेपाशी. तिथे जाड टोक उजवीकडे होतं. काकांच्या हातची ती शेवटची रेघ होती. त्यानंतर त्या हाताने काहीच रंगवलेलं नव्हतं.

काकूकडे गेले तेव्हा ती अंगणात कपडे वाळत घालत होती. तिने माझे पांढरे हात बघितले, गुडघ्याला लागलेली शिडीची धूळ बघितली, आणि हातातला कपडा परत बादलीत टाकला.

"कुठला बघितलास?" ती म्हणाली.

"बर्फाचा. रेघ उजवीकडे संपते, काकू."

तिने नाही म्हटलं नाही. ती आत गेली आणि त्या खाचा पडलेल्या खुर्चीत जाऊन बसली, आणि मग जे काही सांगितलं ते एखाद्या शेजाऱ्याबद्दल सांगावं तसं सांगितलं. मी ऐकत होते आणि तिचा आवाज अगदी पहिल्या दिवशीसारखाच होता, सरळ आणि सपाट. खरं आणि खोटं दोन्ही त्याच आवाजात बोलणारी बाई मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. माझा सगळा तोरा तिथेच गळून पडला.

लग्न झालं तेव्हाच काकांनी तिला सांगितलं होतं, आमच्याकडे हे आहे. आजोबांचे पाय, त्याआधी आजोबांची आई, जिला घरच्यांनी माळ्यावर ठेवलं होतं आणि जिचं नाव मला कुणी कधी सांगितलंच नाही. म्हणून दोघांनी मूल होऊ दिलं नाही. लोक काकूला वांझ म्हणाले, तिने ऐकून घेतलं. माझ्या वडिलांच्या बाबतीत काकांना खात्री नव्हती, पण शिडीवर वाढलेल्या माणसाचा पाय असाच घसरत नाही, हे त्यांनी तिला एकदाच सांगितलं होतं आणि नंतर तो विषय काढू दिला नव्हता.

मग त्यांचाच हात सुटायला लागला. आधी हाताखाली काठी धरून रंगवलं, मग काठीला जड लोखंड बांधून. शिंप्याच्या बोर्डानंतर ब्रश काकूने घेतला. रंग तिच्या ओळखीचे होते, अक्षरांत रंग ती पहिल्यापासून भरायचीच. याच अंगणात बोर्ड जमिनीवर आडवा टाकायचा, काकांना या खुर्चीत पट्ट्याने बांधायचं, म्हणजे पडणार नाहीत, आणि ते खुर्चीतून सांगायचे, वर घे, खाली घे, आता श्वास रोख. रेघ ओढताना दोघं एकदम श्वास रोखायची. ते सांगताना तिचा आवाज एवढा एकदाच जरासा ओला झाला. बोर्ड लावायला मात्र काकांना बरोबर न्यायचंच, लोकांना दिसायला हवं होतं.

"आणि दारू?" मी विचारलं.

"घराबाहेर पडायच्या आधी त्यांच्या शर्टावर शिंपडायचे. कल्पना त्यांचीच." तिने खुर्चीच्या हातावरच्या खाचेतून बोट फिरवलं. "म्हणाले, दारुडा म्हटलं की ते माझ्यापुरतं राहतं. दुसरं काही म्हटलं की पोरांपर्यंत जातं."

पोरं म्हणजे कोण, हे मला विचारावं लागलं नाही. त्यांच्या घरात दुसरी पोरं नव्हती. मी आणि धाकटा.

धाकट्याचं लग्न ठरत होतं तेव्हा मुलीकडची माणसं चौकशीला या गावात आली होती. नवरा मुलगा चांगला, पण त्याच्या काकाबद्दल कानावर काहीबाही येतंय, म्हणून. काकांना ते आधी कळलं. त्या दिवशी ते स्वतःहून रस्त्यात गेले, शर्ट भिजवून, आणि त्या माणसांसमोर आपले सुटलेले हातपाय मुद्दाम आणखी सोडून देऊन, गाणी म्हणत, शिव्या देत, गटारात पडून दाखवलं. ती माणसं नाकाला रुमाल लावून हसली. घराण्यात एखादा असतोच, म्हणाली, आणि समाधानाने परत जाऊन होकार कळवला. त्या लग्नातून मनी झाली.

मला रडू आवरेना. ज्या माणसाचं नाव घरात घेतलं की आई तोंड फिरवायची, त्याने आमच्यासाठी स्वतःची अब्रू गटारात घातली होती, आणि ती अब्रू घालून आम्हाला काय मिळालं? धाकट्याला संसार मिळाला, मनी मिळाली, आणि ते जे होतं ते गुपचूप एक घर पुढे सरकलं. मी काकूवर ओरडले. म्हटलं, मी मनीला प्यायचे म्हणून सांगूनही बसले, आधी सांगितलं असतंत तर! काकूने विचारलं, तर काय? तर मनी नसती, एवढंच ना?

मग तिने माझा हात धरला. हात हाडकुळा, पण पकड लोखंडासारखी. "तुझं वय निघून गेलं, तू सुटलीस. त्या पोरीला सुखाने बाळंत होऊ दे. तू एकदा सांगितलंयस ना तिला, प्यायचे म्हणून? मग झालं. नवीन काहीच बोलायचं नाही. मी इतकी वर्षं तेवढंच केलंय."

किती सोपं होतं ते. मला फक्त घरी जायचं होतं आणि गप्प बसायचं होतं. घराण्यातल्या सगळ्यांनी हेच तर केलं होतं, माळ्याचं दार लावून घेणाऱ्यांपासून. कुणीही वाईट नव्हतं. सगळ्यांनी आपापल्या पोरांच्या प्रेमापोटी एकेक शब्द गिळला आणि तो आजार त्या गिळलेल्या शब्दांवर पोसला गेला.

मी बाहेर आले, किल्लीवाल्याच्या दुकानापाशी उभी राहिले, आणि फोन वाजला. मनीच होती. तिच्या आवाजात कित्येक महिन्यांनी तिचा जुना खट्याळपणा होता. बाळाचं कपाट रंगवायला काढलंय, म्हणाली, त्यावर डावखुऱ्या आजोबांसारखी अक्षरं काढायचीत, तू फोटो पाठवणार होतीस ना? आणि हसत हसत विचारलं, की आत्या, ते बेवडे असताना एवढी सुंदर अक्षरं कशी काढायचे गं?

किल्लीवाल्याचं मशीन सुरू होतं, ते त्याने बंद केलं. मागे दारात काकू येऊन उभी राहिलेली मला जाणवत होती. मी वळले नाही. काकांचं आयुष्यभराचं मागणं मी मोडणार होते आणि त्याच वाक्यात त्यांच्यावरचा डाग पुसणार होते. असलं वाक्य देवाने कुणाच्या तोंडी देऊ नये. मी श्वास रोखला.

"मनी, खाली बस आधी. बसलीस? काका दारू प्यायचे नाहीत गं."

पलीकडे ब्रश डब्यात ठेवल्याचा आवाज आला. मग तिने अगदी लहान आवाजात विचारलं, "कधीच नाही?"

"कधीच नाही," मी म्हणाले.